मंडळीच्या नेतृत्वात या चुका टाळा

नागपुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकांना मी बावीस वर्षे बसत आलो आहे, आणि ज्यांना बायबलची वचने तोंडपाठ आहेत अशाच माणसांच्या हातून त्याच त्या चुका होताना पाहत आलो आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक नहेम्याच्या, म्हणजे यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधून घेणाऱ्या बायबलमधल्या पुढाऱ्याच्या, नावाने होते. नवा सचिव निवडून आला की पहिल्याच बैठकीत ‘चला, उठून बांधायला लागू’ म्हणतो. पण नहेम्याच्या पुस्तकात हे शब्द येतात त्याच दुसऱ्या अध्यायात, लोकांना हाक देण्यापूर्वी, नहेम्या यरुशलेमेत तीन दिवस गप्प राहिला आणि रात्री मोजकी माणसे घेऊन पडलेला तट पाहून आला, हे त्याच्या वाचनातून निसटते. तट 52 दिवसांत पुरा झाला, एवढे मात्र सर्वांच्या लक्षात असते. अशाच एका उत्साही सचिवाने एका एप्रिलमध्ये उपासनामंदिराची कौले काढून पत्रे टाकण्याचा ठराव मंजूर करून घेतला. शिडी लावून वर कोणीही पाहिले नाही, मीसुद्धा नाही. कौले उतरली तेव्हा निम्म्या वाशांना वाळवी लागलेली निघाली. नखाने खरवडले तरी भुसा गळत होता. जमलेली वर्गणी वाशांतच संपली आणि जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात आम्ही ताडपत्रीखाली, मेजाशेजारी घमेले ठेवून, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतले. तेव्हापासून कोणतेही पद मिळाले तरी पहिले तीन महिने मी एकही ठराव मांडत नाही; जुन्या इतिवृत्तांच्या वह्या वाचतो, इमारत फिरून पाहतो आणि पंधरा-वीस घरी जाऊन चहा पितो. तरुणांना हे कंटाळवाणे वाटते, वाटू द्यावे.

दुसरी चूक घाईने पद देण्याची. गिटार बरी वाजवतो म्हणून आठ महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या मुलाला तरुण संघाचा अध्यक्ष करतात आणि तो ताठला की त्यालाच दोष देतात, वास्तविक तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय नवशिक्याबाबत नेमका हाच इशारा देतो. मी आधी वर्षभर सतरंज्या अंथरायला आणि उचलायला सांगतो. दुसऱ्याच महिन्यात ‘मला संदेश देण्याची संधी कधी?’ असे विचारणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक वर्ष सतरंज्या येतात.

दान एकट्याने मोजू नये. प्रेषित पौलानेही वर्गणी पोहोचवताना सोबत माणसे घेतली होती.

तक्रार करणाऱ्याला फुटीर ठरवू नये. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा झाली, तेव्हा प्रेषितांनी (येशूच्या निवडक शिष्यांनी) वाटप पाहायला सात जण निवडण्याचे काम मंडळीवरच सोपवले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक, म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्याच भाषेतली, आहेत. ज्या नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तिथे मराठी आणि हिंदी उपासनेच्या वेळांवरून आजही रुसवेफुगवे होतात, आणि वेळापत्रक ठरवणारे सगळे एकाच भाषेचे असतात.

राहिले ‘अभिषिक्तांना हात लावू नका’, म्हणजे देवाने नेमलेल्यांना दुखवू नका, हे वचन. स्तोत्र 105 मध्ये ते परमुलखात भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याविषयी आले आहे. बांधकामाच्या पावत्या मागणाऱ्या खजिनदाराला गप्प बसवण्यासाठी ते वापरू नये.