रायीसाठी सरकारी अनुदान मागायला जाण्याआधी

गोव्यातल्या गावच्या रायीसाठी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानासाठी, अनुदान मागायचे तर पहिले काम प्रस्ताव लिहिण्याचे नाही, जमिनीचे कागद गोळा करण्याचे आहे. ज्या रायीला कुंपण घालायचे, ज्या तळीचा गाळ उपसायचा, जी जुनी पायवाट पुन्हा चालती करायची, त्या प्रत्येक तुकड्याचा सर्वे क्रमांक, एक-चौदाचा उतारा (जमिनीवरच्या हक्कांची नोंद) आणि सर्वे नकाशा हातात घ्या. कब्जेदार कोण, कुळ कोण, इतर हक्कांच्या रकान्यात काय नोंदले आहे, हे तीन-चार जणांनी एकत्र बसून वाचा. गाव जिला ‘आपली राय’ म्हणतो ती कागदावर कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेची) निघते, देवस्थानची निघते, कधी सरकारची, आणि सत्तरीत तर मोकाशाचीही (जुन्या इनामदाराचीही). आमचा पहिला प्रस्ताव असाच परत आला. राय दोन सर्वे क्रमांकांत विभागलेली होती आणि आम्ही एकच लिहिला होता. त्यात एक वर्ष गेले, आणि त्या पावसात तळीचा एक काठ ढासळला. तो आम्ही अजून पूर्ण सावरलेला नाही.

म्हणून मालकाचा लेखी ना-हरकत दाखला आधी मिळवा. देवस्थानची जमीन असेल तर महाजनांशी (देवस्थानच्या हक्कदार सभासदांशी) बोला, कोमुनिदादची असेल तर तिच्या समितीशी, आणि तोंडी ‘हो’वर थांबू नका. जागा वनखात्याच्या हद्दीत येते का, हे रेंज कार्यालयात विचारा. येत असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतो आणि काम खात्यामार्फतच करावे लागते. खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतीजवळच्या, गावांनी सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशाही पाहून ठेवावा.

मग पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे जा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत ही समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवहीत तुमच्या रायीबद्दल एखादीच ओळ असेल, तर प्रस्तावाआधी ती भरून काढा. कुठली झाडे, झर किती महिने वाहते, वैद्य कुठला पाला नेतात, कुठल्या दिवशी रायीत कोयता न्यायचा नाही, हे गावच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. सत्तरीत बांबरच्या निरंकाराच्या रायीत रानजायफळांची दलदल टिकली ती देवाच्या याच धाकामुळे, आणि डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याची पूर्वातली राय आज जैवविविधता वारसा स्थळ आहे. कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली अशी घोषणा राज्य सरकार करते, पण तिची सुरुवात गावाच्या नोंदीतून व्हावी असे मला मनापासून वाटते.

पैसा कुठून मागायचा हे जागेवर ठरते. वनजमीन असेल तर कॅम्पाचा (तोडलेल्या जंगलाच्या भरपाईचा) निधी, पण तो गावाला थेट मिळत नाही. वनखात्याच्या वार्षिक आराखड्यात आपले काम यावे लागते, म्हणून आर्थिक वर्ष उजाडण्याच्या कितीतरी आधी रेंज अधिकाऱ्यांना भेटा. पालिका क्षेत्रात नगर वन योजना पाहा. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्यातल्या खाणग्रस्त गावांना जिल्हा खनिज निधी आहे, आणि त्यात पर्यावरण संवर्धन प्राधान्याच्या कामांत मोडते. पाणथळ जागांसाठी केंद्राची योजना आहे. तिच्यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के खर्च उचलते. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले, तेव्हापासून आपल्याकडेही या वाटेची चर्चा होऊ लागली.

ग्रामसभेचा ठराव लागतोच. त्यात काय करायचे याच्याआधी काय करायचे नाही ते लिहून घ्या, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. अनुदान आले की त्याच्यामागे सिमेंट येते. पायवाटेवर पेव्हर बसतात, तळीच्या काठाला काँक्रीटची भिंत उभी राहते, झरीचे तोंड बुजते, आणि वर रंगीत दिव्यांचे खांब. वाट मातीची किंवा चिऱ्यांची राहील, तळीचे काम सुक्या दगडी बांधाचे होईल, रायीत दिवे लागणार नाहीत, पडलेले झाड तिथेच कुजू दिले जाईल, असे स्पष्ट शब्दांत ठरावात घाला. अंदाजपत्रक बनवणाऱ्या अभियंत्याला तो ठराव दाखवून प्रत्यक्ष जागेवर न्या, तेही जुलैत, पाणी कुठून वाहते ते दिसत असताना. उन्हाळ्यात काढलेले अंदाजपत्रक मला कधीच खरे वाटलेले नाही.

अंदाजपत्रकात देखभालीचा खर्च धरा. कुंपण एकदा घातले म्हणजे झाले असे होत नाही. दरवर्षी झुडपे सोडवावी लागतात, गुरांनी मोडलेली जागा बांधावी लागते. काम पावसाआधी आटोपेल असे वेळापत्रक आखा. संस्थेच्या नावाने अर्ज करणार असाल तर नोंदणी, पॅन, दर्पण क्रमांक (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा) आणि मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवा, आणि या निधीसाठी वेगळे बँक खाते उघडा. प्रत्येक पावतीवर कामाचे नाव लिहा, कारण खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते अडकले की पुढचा हप्ता थांबतो. कामाआधीचे, चालू कामाचे आणि नंतरचे फोटो एकाच ठिकाणी उभे राहून काढा.

सगळ्या कागदांचा दुसरा संच पंचायतीबाहेर, समितीतल्या तरुण सभासदाच्या घरी ठेवा. पंच दर पाच वर्षांनी बदलतात, सचिवांची बदली होते, आणि राय तेव्हाही तिथेच असते.