ट्रॅकवर ऑइल प्रेशर पडायचं, ते असं थांबवलं

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध रेस सर्किटवर दहा-अकरा नंबरचा तो लांबलचक उजवा टर्न आहे ना, तिथे माझ्या टर्बो हॅचबॅकचं ऑइल प्रेशर ६० पीएसआयवरून थेट १५ वर यायचं, तेही ५,५०० आरपीएमला, आणि गाडी सरळ झाली की परत ठीक. म्हणजे पंपाचा दोष नाही. उजवीकडे वळताना संपमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातलं, तेल डावीकडे चढतं, पिकअप, म्हणजे पंपाकडे तेल ओढणारी नळी, उजव्या बाजूला, मग तो हवाच ओढणार, त्यात सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे ट्रॅकचे टायर, ग्रिप जास्त म्हणून तेल अजूनच चढतं.

ड्राय संप, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी यंत्रणा, बजेटबाहेर. मग संप उतरवून पिकअपभोवती पत्र्याचा कप्पा वेल्ड करून घेतला, त्याला फक्त आतल्या बाजूला उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपा, तेल आत येतं पण बाहेर पळत नाही. फिटिंगआधी प्रत्येक झडप बोटाने हलवून बघा, जराही अडकता कामा नये, आणि वेल्डिंगचा कण न कण धुवून काढा, नाहीतर बेअरिंगची वाट लागलीच. तेल मॅक्सच्या खुणेपर्यंतच, जास्त भरलं तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, ते घुसळून फेस करतो.

आता त्याच टर्नला काटा ५० च्या खाली येत नाही. ऑइल प्रेशरचं गेज मात्र बसवाच, कंपनीचा लाल दिवा फार उशिरा लागतो.