कुठली साइट कोणाकडे?

पणजी, म्हापसा, मडगाव: बांधकामाच्या साइट तीन, मॅनेजरही तीन. साहेबांच्या मर्जीतला पणजीला जायचा, म्हापशाचं काम दर पावसाळ्यात रखडायचं. शेवटी मी गणितज्ञ थॉमस साटींची एएचपी, म्हणजे निकषांना वजन देऊन निवड करायची पद्धत, एक्सेलमध्ये मांडली. परवान्यांची जाण, मजूर सांभाळणं, हिशेब वगैरे पाच निकष, कुठला किती महत्त्वाचा याची जोडीजोडीनं तुलना. सुसंगती गुणोत्तर (तुलना एकमेकींशी किती विसंगत ते सांगणारा आकडा) ०.२३ आलं, ०.१० च्या आत हवं. चूक माझीच, दिसेल त्या निकषाला ‘फार महत्त्वाचा’ म्हणत सुटलो होतो. तुलना पुन्हा केल्या, ०.०७ वर आलं. तर आता मॅनेजरांतल्या एकच बाई तिन्ही साइटना गुणांत पहिल्या! तिथं हंगेरियन पद्धत कामी आली: प्रत्येकाला एकच साइट, पण एकूण गुण जास्तीत जास्त. बाई म्हापशाला गेल्या. साहेब अजून कुरकुरतात, पण यंदा पाया मिरगाआधी भरला.