फाउंड्रीत नव्याने रुजू होताय? हाताला बसणारी कंपनं नीट मोजा

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावात सेफ्टी ऑफिसर म्हणून पहिली नोकरी लागली, तर धूळ, आवाज, उष्णता हे काही तुम्हाला सांगायला नको. कंपनांकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. फेटलिंगचा, म्हणजे ओतलेल्या जॉबवरचा जादा धातू घासून काढणारा, कामगार शिफ्टभर ग्राइंडर दाबून धरतो आणि काही वर्षांत बोटांच्या नसा, रक्तवाहिन्या निकामी व्हायला लागतात. फार पुढे गेलेला हात गोळ्यांनी पूर्ववत होत नाही.

युरोपच्या कंपनांबाबतच्या २००२ च्या निर्देशातले आकडे तुम्ही अभ्यासले असतील: आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्गला उपाय सुरू, ५ ही कमाल मर्यादा. मला फसवलं ते वेळेने. कामगार म्हणतो "दिवसभर", सुपरवायझर म्हणतो "अधूनमधून". दोन्ही कागदावर घेऊ नका. स्टॉपवॉच घेऊन उभे राहा आणि मशीन हातात चालू असतानाचाच वेळ मोजा. जॉब उचलणं, पलटणं, चहा, सगळं वजा. एक तास मोजून आठने गुणूही नका, सकाळचे जॉब आणि दुपारचे जॉब सारखे नसतात. शिवाय हिशेबात कंपनाच्या आकड्याचा वर्ग (स्क्वेअर) होतो. ५ चं मशीन आठ तास आणि १० चं दोन तास, मार सारखाच. म्हणजे वेडंवाकडं झिजलेल्या व्हीलमुळे कंपन दुप्पट झालं, तर चालवायचा वेळ निम्मा नाही, पाव होतो! कॅटलॉगमधला आकडा झिजलेल्या व्हीलचा नसतो, हे विसरू नका.

"ॲन्टी-व्हायब्रेशन ग्लोव्हज द्या, विषय संपला" म्हणणारे सीनियर भेटतील. ऐकू नका. कमी वारंवारितेची कंपनं ग्लोव्ह फारशी अडवत नाहीत. हात गरम राहतात, एवढंच. त्यापेक्षा मोल्डिंगच्या फोरमनशी जमवून घ्या. साच्याचे बॉक्स नीट जुळले की फिन, म्हणजे सांध्यात येणारी धातूची जादा कड, कमी येते, ग्राइंडिंगच कमी लागतं.

कंपनांनी बोटं पांढरी पडतात, पण सावळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाहीत. म्हणून विचारा: थंडीत गाडीवरून येताना बोटं बधिर होतात का? शर्टाची बटणं लावताना त्रास होतो का? सुपरवायझरसमोर विचारू नका, कंत्राटी माणूस "नाही"च म्हणेल.

घाबरून जाऊ नका. मुंग्या येत असतानाच मशीन सोडवलं तर पुढचं नुकसान बरंचसं टळतं. पण काम बदलल्यावर त्याची पीस रेटची मजुरी तुटणार नाही, हे मॅनेजमेंटकडून आधी लिहून घ्या. नाहीतर दुसरा कोणी तुमच्याकडे तक्रार घेऊन येणार नाही.