मृगाआधी विहिरीचे पाणी तपासा: क्षार शेतात येतात कसे आणि बाहेर जातात कसे

वैशाखात विहीर तळाला जाते आणि पाण्याची चव बदलते. पावसाळ्यानंतर मुरलेले गोडे पाणी उपसून संपलेले असते आणि आता येणारे पाणी खडकात जास्त काळ साठून राहिलेले, म्हणून जास्त क्षार विरघळलेले असते. वर्षातले सर्वांत वाईट पाणी याच दिवसांत हाती येते, त्यामुळे नमुना आत्ताच घ्यावा. पाऊस पडल्यावर घेतलेला नमुना उन्हाळ्यातला धोका दाखवत नाही.

आधी साधा हिशेब करू. तपासणी अहवालात ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये दिलेली असते. तिला ६४० ने गुणले की एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार आहेत याचा अंदाज येतो. ईसी १.५ असेल तर लिटरमागे सुमारे ९६० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास एक ग्रॅम. एकरभर शेताला ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायला साधारण दोन लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीत १९० किलोच्या आसपास क्षार शेतात पडले. दहा पाळ्यांत दोन टनांच्या जवळ. ऊन फक्त पाण्याची वाफ करते, पीकही मुळांनी पाणी ओढून बहुतेक क्षार मागे ठेवते. क्षार नाहीसे होत नाहीत. पाण्यानेच ते मुळांच्या खाली ढकलले आणि निचऱ्यावाटे शेताबाहेर नेले, तरच जमीन मोकळी होते. एवढे फुकटचे गोडे पाणी आपल्याला फक्त पावसाळ्यात मिळते, म्हणून सगळी तयारी मृगाआधी हवी.

नमुना घेताना मोटार १५-२० मिनिटे चालू द्या, मग प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून काठोकाठ भरा. औषधाची बाटली कितीही धुतली तरी वापरू नका. नाव, गट नंबर, विहीर की बोअर, तारीख आणि घेतलेली पिके लिहून नमुना शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पोचवा.

अहवालात दोन आकडे आधी पाहा. ईसी ०.७५ च्या आत असेल तर बहुतेक पिकांना चिंता नाही. ०.७५ ते २.२५ मध्ये पीक निवडून घ्यावे लागते. घेवडा, कांदा, लिंबूवर्गीय फळझाडे लवकर मार खातात, कापूस आणि गहू बराच खार सोसतात. २.२५ च्या वर गेल्यास उत्तम निचऱ्याच्या जमिनीत आणि सोशिक पिकांनाच ते पाणी द्यावे. अशा पाण्यावर फळबाग असेल तर पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, कारण म्युरेटमधून क्लोराइडची भर पडते आणि पानांच्या कडा करपतात.

दुसरा आकडा आरएससीचा, म्हणजे अवशिष्ट सोडियम कार्बोनेटचा. तो मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या एककात असतो. १.२५ पर्यंत सुरक्षित, २.५ पर्यंत जपून, त्यापुढे उपाय केल्याशिवाय पाणी देऊ नये. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या पाण्याची, कारण ते जिभेला खारट लागत नाही. पिणारे त्याला गोडे म्हणतात. जमिनीत मात्र त्यातले बायकार्बोनेट कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बसवून टाकते, मागे सोडियम उरतो आणि चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे होतात. मग पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही, वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो. हीच चोपण जमीन.

चोपणपणा घरी ओळखता येतो. शेतातले बोराएवढे पूर्ण वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका, हलवू नका, रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी ढेकूळ फुटून तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ असेल तर बहुधा काळजी नाही. ढेकळाभोवती दुधाळ ढग धरला असेल तर सोडियमने कण सुटे केले आहेत असे समजा आणि माती तपासून घ्या. विहिरीचे पाणी या चाचणीला चालत नाही. त्यातले क्षार कणांना धरून ठेवतात आणि निकाल फसवा येतो.

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, चोपण जमिनीचे औषध आहे. वर पांढरा क्षार फुटणाऱ्या नुसत्या खारवट जमिनीला त्याची गरज नसते. तिला निचरा आणि गोडे पाणी पुरते. पांढरे दिसले की जिप्समची पोती आणणे हा वाया जाणारा खर्च आहे. चोपण जमिनीत माती अहवालात सांगितलेली मात्रा मेअखेर पसरून वरच्या १०-१५ सेंटिमीटर थरात मिसळा आणि उताराच्या बाजूला चर मोकळे करा. चर नसेल तर कॅल्शियमने हटवलेला सोडियम तिथेच राहतो. आरएससी जास्त असलेल्या पाण्यासाठी अंदाज असा, की तो एका एककाने उतरवायला ५ सेंटिमीटरच्या एकरी पाळीमागे सुमारे १७ किलो शुद्ध जिप्सम लागते. बाजारातल्या जिप्समची शुद्धता कमी असेल त्या प्रमाणात वजन वाढवा.

उपाय गावागणिक बदलतो. सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे जास्त पाणी दिल्याने खालची पाणीपातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षारही पृष्ठभागावर आले. तिथे पाणी कमी करणे, पाचट ठेवणे आणि जमले तर अनेकांनी मिळून सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा करणे हाच मार्ग आहे. एकट्याचा चर शेजाऱ्याच्या पाण्यापुढे टिकत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे आहे. तिथे शेततळ्यातले पावसाचे पाणी पिकाच्या नाजूक अवस्थेसाठी राखून ठेवा.

किनाऱ्यावरच्या वाडीत गोष्ट आणखी नाजूक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते जड असते आणि वाळूच्या जमिनीत गोडे पाणी त्याच्यावर तरंगत राहते. साधारण हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १ मीटर वर असेल तर तिच्याखाली ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. उपशाने ती पातळी १ मीटर खाली गेली की खारे पाणी तितक्याच पटीने वर सरकू लागते. म्हणून मे महिन्यात विहीर आणखी खोल करू नका आणि मोटार एकदम लांब न चालवता थोडी थोडी, मध्ये विश्रांती देऊन चालवा. नारळ थोडा खार सोसतो, सुपारी सोसत नाही. पाणी अपुरे असेल तर गोड्या पाण्यावर पहिला हक्क सुपारीचा. खाडीकाठच्या खार जमिनीत बांधाची गळती आणि झडपेचे दार आत्ताच दुरुस्त करा. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून ओहोटीला बाहेर सोडा, दोन-तीन वेळा असे धुतल्यावरच लावणी करा. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण अशा जमिनीसाठीच काढलेले आहेत.

ठिबकवाल्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. ठिबकमध्ये क्षार ओल्या भागाच्या कडेला, वरच्या थरात गोळा होतात. वळवाची हलकी सर आली की ते विरघळून थेट मुळांत उतरतात आणि पाऊस पडूनही झाड कोमेजते. म्हणून पहिल्या हलक्या सरीला ठिबक बंद करू नका, उलट चालू ठेवा, म्हणजे क्षार मुळांपासून लांबच राहतात. जमीन खोलवर भिजवणारा मोठा पाऊस झाला की मगच ते बंद करा.