पेनिसिलिन आणि यकृत निकामी होणे: शोधनिबंध कसा वाचावा

पेनिसिलिन गटातील प्रतिजैविकांवरचा शोधनिबंध वाचताना त्यात यकृताची इजा मोजली आहे की यकृत निकामी होणे, हे सर्वप्रथम तपासावे. रक्तातील एएलटी (यकृताच्या पेशींमधले एक विकर) वाढणे ही इजेची खूण असते. यकृत तीव्रपणे निकामी झाले असे म्हणण्यासाठी मात्र आधी यकृतविकार नसलेल्या रुग्णात, २६ आठवड्यांच्या आत, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप) १.५ किंवा त्याहून अधिक होणे आणि मेंदूच्या कार्यावर परिणाम दिसणे, या दोन्ही गोष्टी लागतात. बातम्यांमध्ये हा फरक हमखास पुसला जातो.

त्यानंतर नेमके औषध पाहावे. नुसते अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह दिलेले अमॉक्सिसिलिन एकत्र मोजले असतील, तर माझ्या मते त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही, कारण इजेची बहुतेक प्रकरणे या संयुक्त औषधाची असतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आइसलँडमधील अभ्यासात हे औषध घेणाऱ्या सुमारे २,३५० जणांमागे एकाच्या यकृताला इजा झाल्याचे आढळले, आणि त्यांतही यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाणे विरळाच असते.

तारखा बारकाईने वाचाव्यात. या औषधाची कावीळ अनेकदा गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी दिसते. त्यामुळे केवळ उपचाराच्या दिवसांपुरती नोंद ठेवणारा अभ्यास नेमकी हीच प्रकरणे गमावतो. (कावीळ झालेल्या रुग्णाने मागील दोन महिन्यांतील सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत, तीही याचसाठी.) विषाणूजन्य हिपॅटायटिस, पित्ताशयातील खडे, पॅरासिटामॉल आणि खुद्द गंभीर जंतुसंसर्ग ही कारणे संशोधकांनी वगळली होती का, हेही पाहावे. इजा औषधामुळेच झाली असण्याची शक्यता गुण देऊन ठरवणारी रुकॅमसारखी पद्धत वापरली असेल, तर निष्कर्ष तपासणे सोपे जाते.

जनुकीय निष्कर्षांपाशी विशेष थांबावे. फ्लुक्लॉक्सासिलिन या पेनिसिलिन गटातील औषधावरील २००९ च्या अभ्यासात एचएलए-बी*५७:०१ हे जनुकीय रूप असलेल्यांना इजेचा धोका सुमारे ८० पट आढळला. आकडा धडकी भरवणारा आहे, पण मुळातला धोकाच इतका लहान आहे की हे जनुकीय रूप असलेल्या आणि औषध घेतलेल्या साधारण ५०० ते १,००० जणांत एकालाच इजा होते, म्हणून औषध देण्यापूर्वी सरसकट जनुकीय चाचणी करणे व्यवहार्य मानले जात नाही.