टॉवरचा जुना एसएमपीएस घरच्या ४८ व्होल्ट बॅकअपला जोडताना

मोबाइल टॉवरच्या भंगारात निघालेल्या पॉवर प्लांटमधून (एसएमपीएस, म्हणजे एसीचं ४८ व्होल्ट डीसी करणारं कॅबिनेट) खरं घेण्यासारखं म्हणजे एसीचं डीसी करणारी रेक्टिफायर मॉड्यूल, त्यांचं व्होल्टेज-करंट ठरवणारा कंट्रोलर, डीसी ब्रेकर-फ्यूज आणि तांब्याच्या पट्ट्या. बॅटऱ्यांचा भरवसा सगळ्यात शेवटी. बिल मात्र मागाच. टॉवरच्या बॅटऱ्या चोरीला जातात आणि तोच माल बाजारात फिरतो.

पहिला घोळ प्लस-मायनसचा. टेलिकॉमचा पुरवठा ‘मायनस ४८’ असतो: प्लस पट्टी अर्थ केलेली, ब्रेकर मायनसला. घरच्या इन्व्हर्टर किंवा सोलर कंट्रोलरमध्ये काही वेळा मायनस बॉडीला जोडलेला असतो. असे दोघे एकत्र आले की अर्थच्या वायरमधूनच बॅटरी शॉर्ट. म्हणून प्लस पट्टीवरून बॉडीच्या बोल्टला गेलेली जोडणी काढा आणि सगळं बंद ठेवून दोन्ही पट्ट्या बॉडीशी मीटरने तपासा. कुठेच बीप नको. कॅबिनेटचं स्वतःचं अर्थिंग राहू द्या. बॅटरीच्या प्लसवरही जवळच एक डीसी फ्यूज घाला. वायरच्या रंगावर तर जाऊच नका: रॅकमधली काळी वायर बऱ्याचदा प्लस असते, सोलरवाल्यांची काळी मायनस.

५० अँपिअरचं मॉड्यूल ५४ व्होल्टला २७०० वॅट देतं, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण साडेबारा अँपिअर ओढतं. त्याला स्वतंत्र २.५ चौरस मिमीची लाइन आणि १६ अँपिअरचा एमसीबी लागतो. डीसी बाजूला १६ चौरस मिमी तांबं, ६३ अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला एसी एमसीबी तिथे चालत नाही. डीसीचा करंट एसीसारखा शून्यातून जात नाही, म्हणून ठिणगी विझत नाही आणि ब्रेकर आतून जळतो.

कंट्रोलर सोडून नुसती मॉड्यूल घेऊ नका. त्याच्याशिवाय मॉड्यूल फॅक्टरीच्या व्होल्टेजवर बसतं आणि करंटला लगाम राहत नाही. २४ व्हीआरएलए (पाणी न घालायच्या सीलबंद लेड-अॅसिड) सेलना फ्लोट, म्हणजे भरल्यावर कायम ठेवायचं व्होल्टेज, ५४.० व्होल्ट (सेलला २.२५, २७ अंशांना), २०० एएचच्या (अँपिअर-तास) बँकेला चार्जिंग करंट २० अँपिअर. तापमानाचा सेन्सर मधल्या सेलला चिकटवा: दर अंशाला ७२ मिलिव्होल्ट कमी व्हायला हवेत. विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की फ्लोट ५३ च्या आसपास यायला हवा. नाही आला तर सेल सुकतात, फुगतात.

आता सेल. पूर्ण चार्ज करून २४ तास मोकळे ठेवा. २ व्होल्टच्या खाली उतरलेला सरळ बाजूला. उरलेल्यांतून २० अँपिअर ओढा आणि दर तासाला प्रत्येक सेल मोजा, कारण एकूण व्होल्टेज फसवतं: २३ सेल चांगले असले तरी एक उलटा फिरू शकतो, म्हणजे त्याचे प्लस-मायनस उलटतात. कुठलाही सेल १.७५ ला आला की थांबा. सहाव्या तासाला आला तर त्याच्यात १२० एएच शिल्लक, आणि तो मालिकेत राहिला तर अख्खी बँक तेवढीच. चांगल्यांत तसला एक मिसळण्यापेक्षा सगळेच १२० चे चालतील.

पान्याला दांड्यापर्यंत टेप गुंडाळा, अंगठी-घड्याळ काढा. ४८ व्होल्टचा झटका फारसा जाणवत नाही, पण पाना दोन टर्मिनलांवर पडला तर वितळतो. पहिल्या फुल लोडला अर्ध्या तासाने प्रत्येक लग (वायरच्या टोकाची बोल्टची कडी) तपासा. शेजारच्यापेक्षा गरम असलेला लग सैल आहे किंवा त्याखाली गंज आहे.